कागद नसलेल्या माणसांवर कादंबरी लिहिताय, तर आधी त्यांच्याकडचे कागद बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की अमेरिकेत पेपर्स नसताना राहणाऱ्या माणसावर मराठीत कादंबरी लिहिताय, नायक डंकीने, म्हणजे एजंटांच्या चोरवाटेने, मेक्सिकोच्या बॉर्डरवरून शिरतो, पहिली दीडशे पानं जंगल, नदी, एजंट, आणि तो न्यू जर्सीत पोचला की कादंबरी तिथेच बसते, पुढे काय घडवायचं सुचत नाही, आणि ज्यांना वाचायला दिली ते म्हणतात की यात लपलेलं आयुष्य कुठे दिसतच नाही. मी एकोणीस वर्षं इमिग्रेशनच्या केसेसमध्ये दुभाष्याचं काम केलंय, मराठी, हिंदी, गुजराती, वकिलांच्या ऑफिसात आणि कोर्टातही, आणि या विषयावरची बरीच हस्तलिखितं वाचून दिलीत, त्यामुळे जरा सविस्तरच लिहिते. कुठल्याही एका केसची गोष्ट सांगणार नाही, ते माझ्या कामात चालत नाही आणि चालूही नये, खाली जी माणसं दिसतील ती अनेकांची मिळून आहेत.

सगळ्यात महत्त्वाचं आधी. लपणं म्हटल्यावर तुम्ही सरकार डोळ्यासमोर आणलंय, दारावर थाप, नायक पडद्याआडून बघतोय वगैरे. तेही होतं, २०२५ पासून तर फारच होतंय, पण बाकीच्या सगळ्या दिवसांचं काय? हा माणूस रोज कामाला जातो, दूध आणतो, मुलांना शाळेत सोडतो, आणि या सगळ्यात तो लपत असतो ते मुख्यतः आपल्याच माणसांपासून. न्यू जर्सीतल्या एडिसनच्या आसपास मराठी माणसाला मराठी माणूस भेटला की तिसऱ्या वाक्याला विचारतो, ग्रीन कार्ड कुठवर आलं? विचारणाऱ्याच्या मनात काही वाईट नसतं, पाऊसपाण्यासारखाच विषय आहे तो तिथे. ज्याचं स्टेटस, म्हणजे राहायची कायदेशीर परवानगी, गेलंय त्याचं उत्तर तयार असतं, 'ईबी-टू, डेट २०१३ ची, अडकलोय.' म्हणजे नोकरीवरच्या ग्रीन कार्डची रांग आणि त्यातली आपल्या अर्जाची तारीख. हे उत्तर सगळ्यांना पटतं कारण त्या रांगेत खरोखरच लाखो भारतीय अडकलेत, कुणाला शंका येत नाही, उलट समोरचाही हळहळतो. आता बघा, स्टेट डिपार्टमेंट दर महिन्याला व्हिसा बुलेटिन काढतं, त्यात कुठल्या तारखेच्या अर्जापर्यंत नंबर आलाय ते असतं, त्या तारखा कधी पुढे कधी मागे अशा सरकत राहतात, आणि एखाद्या वर्षी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला कुणीतरी आनंदाने ओरडतं, 'अगं, तुमची डेट करंट झाली की! पेढे कधी?' आणि ती बाई हातातलं वाण धरून हसते. मला विचाराल तर तुमच्या नदीपेक्षा हा सीन जास्त घाबरवणारा आहे, कारण नदीत निदान सगळ्यांना माहीत असतं की तुम्ही बुडताय.

आणि गावाकडचे लोक. चौदा वर्षं न आलेला मुलगा, बहिणीच्या लग्नाला नाही, वडिलांच्या दहाव्याला नाही, दरवेळी 'सुट्टी मिळत नाही', 'प्रोजेक्ट आहे'. पैसे मात्र वेळेवर येतात. गावात काय बोलतात? माजलाय. डॉलर दिसले आणि आईबाप विसरला. आणि त्याला हे माजलाय ऐकून घेणं परवडतं, खरं सांगणं परवडत नाही, कारण खरं सांगितलं तर आईला झोप लागणार नाही आणि भावकीत बभ्रा होईल. लोकांनी आपल्याला वाईट समजावं हे जो माणूस स्वतःहून पत्करतो तो कादंबरीचा नायक होतो हो, त्याला जंगलातून चालवायची गरजच पडत नाही.

म्हणून माझी पहिली सूचना अशी, प्लॉट बाजूला ठेवा आणि एका कागदावर फक्त एवढंच लिहा की कुणाला माहीत आहे. बायकोला माहीत आहे, मुलीला नाही. मालकाला माहीत आहे म्हणून तो तासाला कमी देतो आणि वर सणाला मिठाईचा डबाही देतो. शेजारणीला अंदाज आलाय पण ती विचारत नाही. मित्राला माहीत होतं, त्याच्याशी भांडण झालं, आता तो मित्र कुठे काय बोलेल हे माहीत नाही. हा कागद भरला की कादंबरी पुढे सरकायला लागेल, कारण प्रत्येक चॅप्टरमध्ये या यादीतलं एक नाव इकडून तिकडे जाईल.

आता कायदा, कारण तुमच्या मसुद्यात इथेच सगळ्यात जास्त गडबड आहे. नायक अमेरिकन मुलीशी लग्न करतो आणि सुटतो असं तुम्ही केलंय. तसं होत नाही. जो माणूस व्हिसावर, एअरपोर्टवर ऑफिसरसमोर उभा राहून आत आला आणि मग ओव्हरस्टे झाला, त्याला सिटिझन बायकोमुळे आतल्या आत ग्रीन कार्ड मिळू शकतं. जो बॉर्डरवरून तपासणीशिवाय आला त्याला साधारणपणे त्यासाठी देशाबाहेर जावं लागतं, आणि बाहेर पाऊल टाकलं की १९९६ चा कायदा आडवा येतो. हा नियम नीट समजून घ्या, अख्खी कादंबरी यावर उभी राहील: १८० दिवसांपेक्षा जास्त पण वर्षाच्या आत बेकायदा राहून बाहेर गेलात तर ३ वर्षं परत यायला बंदी, वर्ष किंवा जास्त राहून गेलात तर १० वर्षं. माफी मागायची सोय आहे, २०१३ पासून ती निघायच्या आधी इथेच बसून मागता येते, पण बायको किंवा आईवडील सिटिझन किंवा ग्रीन कार्डवाले असावे लागतात आणि त्यांचे अतोनात हाल होतील हे सिद्ध करावं लागतं. मुलांचे हाल त्यात थेट धरतच नाहीत. मुख्य म्हणजे ही बंदी माणूस निघाला की लागू होते. राहिला तोवर नाही. म्हणजे जो कायदा लोकांनी निघून जावं म्हणून केला त्यानेच लोक आत अडकले, पूर्वी माणसं हंगामाला येऊन परत जायची ती येईनाशी झाली असं नाही, परत जाईनाशी झाली. आई आयसीयूत असताना तिकीट काढावं की नाही हा प्रश्न म्हणजे आधी मुलगा व्हायचं की बाप असा प्रश्न असतो, कारण गेलो तर इथल्या मुलाला दहा वर्षं भेटणार नाही.

तसंच मुलांचं. इथे जन्मलेलं मूल आईबापाला लगेच सोडवतं असं बऱ्याच गोष्टींमध्ये असतं. मुलाला २१ वर्षं पूर्ण होईपर्यंत ते आईवडिलांसाठी अर्जच करू शकत नाही, आणि केला तरी वरचा बॉर्डरचा नियम आहेच.

या सगळ्यासाठी एक गोष्ट पक्की करा, साल. कादंबरी नेमकी कुठल्या वर्षात घडते ते ठरवल्याशिवाय एक ओळ लिहू नका, कारण या लोकांचं आयुष्य तारखांनी बांधलेलं असतं. १ जानेवारी १९८२ च्या आधीपासून राहणाऱ्यांना आणि काही शेतमजुरांना १९८६ च्या कायद्यात कायदेशीर होता आलं, साधारण २७ लाख लोक झाले. ३० एप्रिल २००१ पर्यंत कुणी तुमच्यासाठी अर्ज टाकला असेल तर हजार डॉलर दंड भरून इथेच ग्रीन कार्ड होऊ शकतं, आणि मी अशी माणसं बघितलीत ज्यांना ती तारीख स्वतःच्या वाढदिवसासारखी पाठ आहे कारण त्यांचा अर्ज मे महिन्यात गेला होता. लहानपणी आलेल्या मुलांसाठी डाका (DACA), म्हणजे तात्पुरतं डिपोर्ट न करण्याची योजना, आली १५ जून २०१२ ला, सोळाव्या वाढदिवसाच्या आधी आलेला पाहिजे, १५ जून २००७ पासून इथेच पाहिजे, आणि त्या दिवशी एकतिशीच्या आत पाहिजे. एकाच घरातल्या दोन भावंडांपैकी एक बसतो, एक नाही. न्यू जर्सीत पेपर्स नसतानाही लायसन्स मिळायला लागलं मे २०२१ पासून, त्याआधीच्या काळात कादंबरी असेल तर नायक गाडी चालवतो तेव्हा प्रत्येक टेललाइट तपासून निघतो. शाळा, चर्च, हॉस्पिटल अशा ठिकाणी धाडी टाळायच्या असं २०११ पासून धोरण होतं, ते जानेवारी २०२५ मध्ये काढून टाकलं. एका सालात शाळेचं गॅदरिंग सुरक्षित असतं, दुसऱ्या सालात आई पार्किंगमध्येच थांबते.

आता शीर्षकात म्हटलंय त्या कागदांकडे येते. तुमच्या नायकाकडे काहीच नाही, एक बॅग आणि फोन. प्रत्यक्षात पेपर्स नसलेल्या माणसांइतके कागद मी कुणाकडे बघितले नाहीत. कारण त्यांना माहीत असतं की कधीतरी, एखाद्या वर्षी, एखादा कायदा येईल आणि विचारेल की तू इथे अमुक तारखेपासून सलग होतास याचा पुरावा दे. म्हणून सगळं जपायचं. एक बाई होत्या, म्हणजे चार-पाच जणींची मिळून एक, त्यांनी ऑफिसात टेबलावर मोठ्या झिपच्या पिशव्या मांडल्या, प्रत्येक वर्षाची एक. आत लाइट बिलं, मुलाच्या शाळेची प्रगतिपुस्तकं, डेंटिस्टची पावती, लसीकरणाचं कार्ड, पैसे पाठवल्याच्या स्लिपा, देवळात दिलेल्या अकरा डॉलरची पावती. किराणा दुकानातल्या त्या गुळगुळीत कागदाच्या पावत्या दोन-तीन वर्षांत पांढऱ्या होतात, शाई उडून जाते, हे त्यांच्या एकदा लक्षात आलं आणि तेव्हापासून त्या दर महिन्याच्या पहिल्या रविवारी लायब्ररीत जाऊन सगळ्या पावत्यांची झेरॉक्स काढून आणायच्या आणि मूळ पावती झेरॉक्सच्या मागे स्टेपल करायच्या. वकिलाने पिशवी उघडली तेव्हा मागे कोरे पांढरे चिटोरे आणि पुढे स्वच्छ अक्षरं. तेवढं पाहिल्यावर मला त्या बाईंबद्दल सगळं कळलं.

त्याच पिशव्यांत टॅक्सचे रिटर्न्स असतात. सोशल सिक्युरिटी नंबर नसला तरी टॅक्स भरायला आयटिन मिळतो, नऊ आकडी, सुरुवात नेहमी ९ ने, आणि खूप लोक इमानदारीत टॅक्स भरतात. इन्स्टिट्यूट ऑन टॅक्सेशन अँड इकॉनॉमिक पॉलिसीच्या अभ्यासाप्रमाणे २०२२ मध्ये अशा लोकांनी मिळून ९६.७ अब्ज डॉलर टॅक्स भरला. पण कादंबरीत हा आकडा टाकू नका, तुमच्या नायकाला एप्रिलमध्ये रात्री अकरा वाजता टॅक्सच्या फॉर्मवर खरा पत्ता लिहावा की नाही यावर पेन धरून बसलेला दाखवा. तो लिहितो. का लिहितो हे तुम्ही शोधा.

(यावरून आठवलं. १९०६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या भूकंपानंतर आग लागली त्यात शहरातली जन्माची रेकॉर्ड्स जळाली. चिन्यांना १८८२ पासून अमेरिकेत यायला जवळजवळ बंदीच होती. मग तिथल्या बऱ्याच चिनी माणसांनी सांगितलं की आम्ही इथेच जन्मलो, म्हणजे इथले नागरिक, आणि चीनमध्ये आम्हाला मुलं आहेत, आणि त्या कागदावरच्या मुलांच्या जागी दुसरी मुलं आली. सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या एंजल आयलंड या तपासणीच्या बेटावर ऑफिसर विचारायचे, तुमच्या घराला किती पायऱ्या, विहीर कुठल्या बाजूला, म्हणून बोटीवर वह्या पाठ करायचे लोक आणि उतरायच्या आधी वह्या समुद्रात टाकायचे. नंतर आयुष्यभर खोट्या आडनावाने जगले, नातवंडांनाही खरं आडनाव माहीत नाही अशी घरं होती. लपवलेली गोष्ट तीन पिढ्या कशी टिकते हे शिकायचं असेल तर हा इतिहास वाचाच.)

आता तुमची दीडशे पानं. ती फेकून द्या असं मी म्हणणार नाही, तो प्रवास खरा आहे आणि भयंकर आहे. कोलंबिया आणि पनामाच्या मधलं डॅरियनचं जंगल २०२३ या एका वर्षात पाच लाखांहून जास्त लोकांनी ओलांडलं. जानेवारी २०२२ मध्ये गुजरातमधल्या डिंगुचा गावचं चार जणांचं कुटुंब, दोन लहान मुलांसकट, कॅनडातल्या मॅनिटोबात इमर्सनजवळ बर्फात गोठून गेलं, सीमा अगदी काही पावलांवर होती. ५ फेब्रुवारी २०२५ ला अमेरिकेच्या लष्कराचं विमान १०४ भारतीयांना घेऊन अमृतसरला उतरलं, त्यात बहुतेक पंजाब, हरयाणा आणि गुजरातचे होते. यावर लिहायला हवंच. पण तुमचा नायक सांगली भागातला, इंजिनिअरिंग झालेला आहे, आणि अशा घरातला मुलगा बहुतेक वेळा विमानाने, व्हिसावर येतो, स्टुडंट म्हणून किंवा टूरिस्ट म्हणून किंवा एच-वनवर, आणि नंतर काहीतरी तुटतं, फी भरता येत नाही, नोकरी जाते आणि साठ दिवसांत दुसरी मिळत नाही, किंवा एच-फोरवर आलेल्या बाईचा घटस्फोट होतो आणि नवऱ्याच्या स्टेटसला टांगलेलं तिचं स्टेटसही जातं. ही शेवटची बाई तर मराठी कादंबरीत यायलाच हवी, तिच्यावर फार कमी लिहिलं गेलंय.

आणि यात लेखकाच्या दृष्टीने मोठी गोष्ट म्हणजे स्टेटस जातं त्या दिवशी काहीच घडत नाही. टूरिस्टच्या आय-९४ वर, म्हणजे देशात शिरल्याच्या नोंदीवर, कधीपर्यंत राहता येईल ती तारीख असते, ती तारीख येते, माणूस सकाळी उठतो, चहा करतो, कामावर जातो, संध्याकाळी परत येतो. कुणी येत नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. एका बाजूला सुटल्यासारखं वाटतं आणि दुसऱ्या बाजूला आपण पुसले गेलो असं वाटतं, आणि हे दोन्ही एकाच चहाच्या कपात. स्टुडंटच्या आय-९४ वर तर बऱ्याच वर्षांपासून तारीखच नसायची, नुसतं डी/एस, म्हणजे स्टेटस असेपर्यंत, त्यामुळे नेमकं कधी आपण त्या बाजूला गेलो हे त्याला स्वतःलाही बोट ठेवून सांगता येत नाही. माझ्या मते तुमचा पहिला चॅप्टर इथून सुरू व्हावा. सीमेचा प्रवास ठेवायचाच असेल तर तो दुसऱ्या पात्राला द्या, त्याच फ्लॅटमध्ये राहणारा पंजाबी किंवा गुजराती मुलगा, आणि त्याला तो तुकड्या-तुकड्यात सांगू दे, कधी भांडी घासताना, कधी सांगायचं नसताना.

तुकड्या-तुकड्यात हे मुद्दाम म्हणतेय. माणसं अशा गोष्टी सरळ रेषेत सांगत नाहीत, आणि कोर्टाला सरळ रेषाच लागते. असायलमच्या, म्हणजे आश्रय मागण्याच्या, केसमध्ये २००५ च्या रिअल आयडी कायद्यानंतर जज छोट्यातल्या छोट्या विसंगतीवरूनही माणूस खोटं बोलतोय असं ठरवू शकतो, ती विसंगती मुख्य मुद्द्याशी संबंधित नसली तरी. आता आपला माणूस तारीख कशी सांगतो? 'दिवाळीच्या दोन दिवस आधी मारलं.' वकील विचारतो तारीख काय. २०१४ ची दिवाळी २३ ऑक्टोबरला होती, २०१५ ची ११ नोव्हेंबरला. वर्षात गोंधळ झाला तर महिनाच बदलतो, आणि आधीच्या मुलाखतीत ऑक्टोबर म्हटलेलं असेल तर झालं. खरं बोलणारा माणूस खोटा ठरताना मी बघितलाय आणि मधे बोलायची मला परवानगी नव्हती, दुभाष्याने फक्त जे बोललं तेच सांगायचं. त्या दिवशी घरी आल्यावर मी दहा वर्षांच्या दिवाळीच्या तारखा लिहून काढल्या होत्या, उपयोग काही नव्हता.

निवेदनाबद्दल तुम्ही विचारलंय, 'मी' घ्यावा की 'तो'. माझ्या कामातलं सांगते. कोर्टात दुभाषी 'ही म्हणते की तिला मारलं' असं म्हणत नाही, 'मला मारलं' असंच म्हणायचं असतं, तिच्या जागी मी. सुरुवातीला एक-दोन वर्षं मला घरी गेल्यावर तो 'मी' उतरवता यायचा नाही. नंतर कळलं की माझा 'मी' तिच्या 'मी'पेक्षा नेहमी थोडा जास्त सुबक असतो, तिचं अडखळणं, 'म्हणजे ते आपलं हे' असलं बोलणं इंग्रजीत जाताना गळून पडतं कितीही जपलं तरी. तुमच्या मसुद्यात नायकाचा 'मी' असाच सुबक झालाय, तो स्वतःच्या दुःखाबद्दल फार छान बोलतो. इतकी वर्षं उत्तरं तयार ठेवणारा माणूस वाचकाशीही लगेच खरं बोलणार नाही. माझं मत, 'मी'च ठेवा, पण पहिल्या पन्नास पानांत त्याला वाचकालाही तेच सांगू दे, ईबी-टू, डेट २०१३ ची. कळू दे वाचकाला हळूहळू.

शब्दांचंही बघा. 'अनडॉक्युमेंटेड' हा शब्द ही माणसं घरात वापरत नाहीत, आणि 'बेकायदेशीर स्थलांतरित' हा पेपरातला शब्द झाला. घरात म्हणतात, पेपर्स नाहीत, पेपर्स झाले का, स्टेटस गेलं, आउट ऑफ स्टेटस आहे, कॅशवर काम करतो. आणि सगळ्यांना 'इमिग्रेशनवाले' करून टाकू नका, अर्ज बघणारं खातं वेगळं, पकडणारे आइसवाले वेगळे, सीमेवरचे वेगळे, गावचे पोलीस वेगळे, आणि कोर्ट तर न्याय खात्याचं. तिथे सरकार फुकट वकील देत नाही, लहान मुलाला सुद्धा नाही, कारण ती फौजदारी केस धरत नाहीत.

रिसर्चसाठी लोकांना भेटाल तेव्हा कृपा करून रेकॉर्डिंग करू नका, फोनमध्ये नावं लिहू नका, आणि गाव, दुकान, मुलाचं वय यातलं निदान दोन तरी बदला. २०२५ नंतर तर हे अजिबात हलक्यात घेऊ नका. सगळं लिहून झालं की त्या माणसाला त्याचा भाग वाचून दाखवा, आणि तो म्हणाला काढा तर काढा, कितीही चांगलं उतरलेलं असलं तरी.

शेवटाचं. तुम्ही दोन शेवट लिहिलेत, एकात डिपोर्ट होतो, एकात ग्रीन कार्ड येतं. दोन्ही घडतात, पण मी बघितलेल्या बहुतेक केसेसमध्ये पुढची तारीख मिळते. इमिग्रेशन कोर्टांत ३० लाखांहून जास्त केसेस पडून आहेत, त्यामुळे तयारी करून, मुलाला शेजारी सोडून, इस्त्रीचे कपडे घालून माणूस जातो आणि दहा मिनिटांत जज तीन वर्षांनंतरची तारीख सांगतात. मी ती तारीख मराठीत सांगितली की समोरचा माणूस परत विचारतो, कुठलं साल म्हणालात? एकदा एका काकांनी खिशातून छोटी डायरी काढली, मागची पानं उलटून बघितली, पुढच्या वर्षापलीकडचं पान त्यात नव्हतं, मग त्यांनी पुठ्ठ्यावर आतल्या बाजूला ती तारीख लिहिली आणि मग वार विचारला. मी जजना विचारून वार सांगितला, मंगळवार.

कोर्टाचा चॅप्टर परत लिहून झाला की पाठवा, फॉर्मची नावं आणि तारखा मी तपासून देईन.